घटकाभर उभे राहावे



या महिन्याच्या पाठासाठी आम्ही ग्रंथातली ओवी घेतलेली नाही. आमच्याच हातून घडलेली एक चूक घेतली आहे. चूक दिसायला लहान आहे, पण तिच्या पोटात मोठा प्रश्न आहे. तो आमच्या एकट्याचा नसावा असे वाटले, म्हणून आपणांपुढे ठेवतो.

प्रसंग

गेल्या कार्तिकीची दशमी. आमच्या फडातली आम्ही पाचसहा मंडळी संध्याकाळी पंढरपुरात प्रदक्षिणामार्गाने चाललो होतो. एका मठात नामांकित बुवांचे कीर्तन होते. कीर्तन नवाचे, पण पुढे बसायला मिळायचे तर आठालाच जाऊन जागा धरली पाहिजे, हे अनुभवाने ठाऊक. गर्दी अशी, की पाय आपण उचलायचा आणि ठेवायचा मात्र लोकांनी!

महाद्वाराच्या अलीकडे एका बंद दुकानाच्या फळीला टेकून एक म्हातारा बसला होता. दोन्ही डोळ्यांनी आंधळा. एका हातात एकतारी, दुसऱ्यात चिपळ्या, पुढ्यात फडके पसरलेले. चोखोबांचा अभंग म्हणत होता, उसाच्या दृष्टांताचा. आवाज थकलेला, पण स्वर जागच्या जागी.

आमच्यातले विणेकरी वयाने थोर. ते थबकले. म्हणाले, "माउली, घटकाभर थांबू या. गोड म्हणतोय हो."

आम्ही म्हणालो, "अहो, जागा जाईल! चला, चला. येताना ऐकू."

आणि केले काय, तर खिशातले दहा रुपयांचे नाणे काढून चालता चालताच त्या फडक्याकडे टाकले. ते फडक्यावर पडलेच नाही. फरशीवर वाजले, घरंगळले आणि कुणाच्या तरी पायाखाली गेले. म्हाताऱ्याने चिपळ्या मांडीवर ठेवल्या, अभंग न सोडता हाताने फरशी चाचपू लागला. एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले, आणि पुढे गेलो.

जागा छान मिळाली. दुसरी रांग. बुवा उभे राहिले, गजर झाला, आणि निरूपणाला अभंग घेतला तो चोखोबांचा. उसाचाच! वरची वाकडी कांडी पाहून आतल्या रसाला अंतरू नये, हे बुवांनी दोन तास असे काही उलगडून सांगितले की मांडवात टाचणी पडली तरी ऐकू यावी. शेजारपाजारच्यांचे डोळे पाणावले. आमचेही पाणावले. उपरण्याने पुसले.

बाहेर पडल्यावर विणेकरी हळूच म्हणाले, "तोच अभंग होता, नाही का?" रागावले नाहीत, टोचून बोलले नाहीत. एवढेच बोलले.

आम्ही झपझप महाद्वाराकडे गेलो. फळीपाशी दोन वारकरी घोंगडी पांघरून झोपले होते. म्हातारा नव्हता. एकादशीला शोधला, द्वादशीला शोधला. लाखांच्या यात्रेत एक आंधळा सापडतो थोडाच!

श्रवण हे पहिले

भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने भक्तीचे नऊ प्रकार सांगितले. त्यांत पहिले श्रवण, दुसरे कीर्तन. आपण कीर्तनाला मान देतो, कीर्तनकाराला हार घालतो. श्रवण मात्र आपोआप घडते असे धरून चालतो. पण प्रल्हादाने कीर्तनाच्या आधी श्रवण ठेवले आहे. कान उघडला नाही तर मुखात यायचे काय?

परीक्षिती राजाची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. सात दिवसांत मरण येणार हे कळले. एवढा मोठा राजा. किती कामे उरली असतील! कोठार, खजिना, लेकरांची वाटणी. त्याने काय केले? गंगेच्या काठी बसला आणि ऐकू लागला. ज्याच्यापाशी सातच दिवस होते त्याला ऐकायला सात दिवस मिळाले. आपल्यापाशी किती आहेत कोण जाणे, आणि आपल्याला सात मिनिटे मिळत नाहीत.

आणखी एक पाहा. आपला देव करतो काय? हातात शस्त्र नाही, पायाखाली वाहन नाही. कमरेवर हात ठेवून उभा आहे. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने वीट फेकली आणि देवाला म्हटले, थांब जरा. देव थांबला. "मला पुढे कामे आहेत" असे म्हणाला नाही. ज्यांचे दैवतच थांबलेले आहे, त्यांची मंडळी त्याच्याच दारात कुणासाठी घटकाभर थांबत नाहीत, हे जरा विपरीतच नव्हे काय?

आणि तो म्हातारा बसला होता ती जागा कोणती? महाद्वार. तिथे नामदेवरायांची पायरी आहे. तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. चोखोबांना आत मज्जाव होता. त्यांनी आपले अभंग देवळाबाहेर राहून गाइले. परंपरा सांगते, की मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना ते ढासळले आणि त्याखाली त्यांचा अंत झाला. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी दिली. तरी त्यांच्या जातबांधवांना आत जायला 1947 साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा दार उघडले. म्हणजे दाराबाहेर गाणाऱ्याला ओलांडून आत जाण्याची आपली सवय जुनी आहे. आम्ही त्या रात्री चोखोबांचा अभंग ऐकायला, चोखोबांच्याच समाधीजवळ, चोखोबांचाच अभंग म्हणणाऱ्याला ओलांडून गेलो. याहून जास्त काय लिहावे?

मांडव नसलेले गाणे

ही गोष्ट आमच्या शिकलेल्या पुतण्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "काका, हे तर अमेरिकेत होऊन गेले आहे." त्याने सांगितलेली हकिकत ऐकण्याजोगी आहे.

जोशुआ बेल म्हणून अमेरिकेतील मोठे व्हायोलिनवादक आहेत. 12 जानेवारी 2007, शुक्रवार. सकाळी आठाच्या सुमारास, म्हणजे ऐन कचेरीच्या वेळी, ते वॉशिंग्टन शहरातील एका भुयारी रेल्वेच्या स्टेशनात साध्या कपड्यांत, डोक्याला टोपी घालून, भिंतीशी उभे राहिले आणि वाजवू लागले. 'वॉशिंग्टन पोस्ट' या वर्तमानपत्राने ही परीक्षा मांडली होती. हातातले वाद्य 1713 सालचे, इटलीतील स्ट्राडिव्हारी नावाच्या प्रख्यात कारागिराने घडवलेले. तीनच दिवसांपूर्वी बोस्टन शहरात त्यांचा कार्यक्रम झाला होता. तिथे बऱ्यापैकी जागेला शंभर डॉलर पडत होते.

स्टेशनात त्यांनी सुमारे 43 मिनिटे वाजवले. तेवढ्या वेळात समोरून 1097 माणसे गेली. निदान मिनिटभर थांबून ऐकणारी निघाली सात. पैसे टाकणारी सत्तावीस. त्यांतली बहुतेक चालता चालता टाकून गेली. म्हणजे आमच्यासारखी! मिळकत बत्तीस डॉलर आणि थोडी चिल्लर. एका बाईने मात्र त्यांना ओळखले. तिने वीस डॉलर दिले, ते या हिशेबात नाहीत. जीन वाइनगार्टन या पत्रकाराने ही हकिकत लिहिली, आणि तिच्यासाठी त्यांना 2008 साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

पुतण्याने शेवटी एक गोष्ट सांगितली ती आमच्या मनात रुतून बसली. त्या वाटेने जी जी लहान मुले गेली, ती सगळी थांबू पाहत होती. मान वळवून वळवून बघत होती. आणि प्रत्येक मुलाला त्याच्या मोठ्या माणसाने हाताला धरून ओढून नेले.

आता कुणी म्हणेल, परदेशी लोकांना रस नाही. तसे नव्हे. पुढे 30 सप्टेंबर 2014 रोजी तेच वादक त्याच शहरातील मोठ्या रेल्वे स्टेशनात पुन्हा वाजवायला उभे राहिले. या वेळी आधी जाहीर केले होते. तेव्हा लोक दाटीवाटीने उभे राहिले. शहर तेच, वादक तेच, स्टेशनचा गोंगाटही तसाच. फरक एकच, पहिल्या वेळी कुणी सांगितले नव्हते की हे ऐकण्याजोगे आहे.

याचा अर्थ काय? आपण कानाने ऐकत नाही, मांडवाने ऐकतो. मांडव घातला, फलक लागला, बुवांचे नाव छापले, की कान उघडतात. मांडव नसला की तोच अभंग गोंगाटात जमा! नामदेवराय वाळवंटात कीर्तनाला उभे राहिले तेव्हा कोणता मांडव होता? वर आभाळ, खाली वाळू. तिथून जाणाऱ्या कुणालातरी कुणी न सांगता थांबावेसे वाटले, म्हणून आज आपण आहोत.

वासुदेवाने शिकवलेला विधी

खरे म्हणजे आपल्या मुलखाला ही विद्या नवी नाही. रस्त्यावर गाणाऱ्याचे ऐकावे कसे, याचा आपल्याकडे रीतसर विधीच होता.

पहाटे वासुदेव येई. मोरपिसांची उंच टोपी, पायघोळ अंगरखा, हातात टाळ-चिपळ्या, कमरेला पावा. त्याच्याही आधी अंधारात पिंगळा येऊन जाई. मग दिवसभरात कुडमुड्या जोशी, किंगरी वाजवणारा नाथजोगी, गुबुगुबु वाजवीत नंदीबैलवाला. जागरणगोंधळाच्या रात्री संबळ-तुणतुणे घेऊन गोंधळी. यांतला कुणीही पत्रिका धाडून येत नसे. ते येत, आणि गाव हातचे काम ठेवून उंबऱ्यात उभे राही.

वासुदेवाची रीत नीट पाहा. तो आधी गातो. मग घरची बाई सुपात जोंधळे घेऊन येते. लेकराच्या हातून झोळीत घालते. पण तेवढ्याने काम संपत नाही. वासुदेव मग 'दान पावलं' म्हणतो, आणि ते दान कुणाकुणाला पावले याची नावे घेतो: पंढरीच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला, तुळजापूरच्या भवानीला, घरातल्या गेलेल्या माणसांचीही नावे घेतो. मग गिरकी घेतो आणि पुढच्या दारी जातो.

म्हणजे दान देणारे आपण, पण ते पावते त्याच्या मुखातून. मूठ झोळीत टाकून दार लावून घेतले तर दिले खरे, पण पावले ते ऐकायला आपण उभे होतो कुठे? आमचे दहा रुपये तसेच गेले. ते दान नव्हते. पुढे जाऊ देण्याबद्दल भरलेली जकात होती.

संतांनी या फिरत्या गाणाऱ्यांकडे कसे पाहिले तेही ध्यानी घ्यावे. ज्ञानोबा, नामदेव, एकनाथ, तुकोबा या सर्वांनी वासुदेवाचे रूपक घेऊन रचना केली आहे. नाथमहाराजांनी तर भारुडांत जोशी, गोंधळी, पिंगळा, पोतराज अशी रस्त्यावरची सारी मंडळी आणून बसवली. आता विचार करा. हे सारे त्यांना कळले कुठून? वासुदेव कोणत्या क्रमाने काय म्हणतो, पिंगळा कशी हाक देतो, जोशी कोणते शब्द वापरतो, हे पोथीत सापडत नाही. पैठणच्या गल्लीत हा थोर पंडित थांबून ऐकत होता, म्हणूनच ते त्याच्या लेखणीत उतरले. भारुड हे थांबण्याचे फळ आहे.

आज पुष्कळ ठिकाणी वासुदेव दारी येत नाही. इमारतीला फाटक आहे, फाटकावर पहारेकरी आहे. वासुदेवांची मुले शिकली, दुसऱ्या धंद्याला लागली; हे चांगलेच झाले. उरलेले पुष्कळसे लग्नमांडवात पाहुण्यांच्या स्वागताला उभे दिसतात. म्हणजे तिथेही आता मांडव आला!

शंका आणि समाधान

पहिली शंका: "आम्हांला पोट आहे. आठाची गाडी चुकली तर पगार कापतात. थांबायचे कसे?"

शंका खरी आहे. आम्ही काम टाकायला सांगत नाही. आपल्या संतांनीही कुणाला तसे सांगितले नाही. सावतोबा अरणच्या मळ्यातच राहिले, गोरोबा चिखलच तुडवीत राहिले. आणि मुंबईच्या गाड्यांतली भजनी मंडळे पाहा. तीही नोकरदार माणसेच आहेत. आठाची गाडी तेही गाठतात, आणि गाडीतच टाळ काढून अभंग लावतात. वेळ नसतो असे नाही. वेळेला कान नसतो. एक अभंग पुरा व्हायला चारपाच मिनिटे लागतात. तेवढी रोज नसतील, आठवड्यातून एकदा तरी असतील.

दुसरी शंका: "हे सगळे ढोंग असते. गाणे हे भीक मागायचे निमित्त."

असे पुष्कळांना वाटते, कायद्यालाही वाटले. 1959 च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याने गाणे, नाच, भविष्य सांगणे यांच्या मिषाने सार्वजनिक जागी भिक्षा मागणे, हेही भीक मागण्यातच धरले. कायद्याने कायद्याचे पाहावे. आपण आपल्यापुरता एवढाच विचार करावा, की ढोंग आहे की गाणे आहे हे न ऐकता कळणार कसे? ऐकून मग ठरवा. सगळेच गोड गातात असे आम्ही म्हणत नाही. पण आम्ही तरी मांडवातली सगळीच कीर्तने रंगलेली कुठे पाहिली आहेत? तिथे आपण रंग नसला तरी दोन तास मांडी मोडीत नाही!

मात्र शाळेच्या वयाचे पोर गात हिंडत असेल तर नुसते ऐकून, नाणे टाकून पुढे जाऊ नये. बाळ, शाळेत जातोस का, कुणाबरोबर आलास, हे विचारावे. तेही थांबल्यावाचून होत नाही.

तिसरी शंका: "पैसे नसले खिशात, तर थांबायला लाज वाटते."

ही शंका आम्हांला फार भली वाटते. पण लाजू नये. पैसा त्याच्या पोटाला लागतो, हे खरेच. असेल तर जरूर द्यावा. नसेल तर समोर उभे राहून शेवटपर्यंत ऐकावे आणि हात जोडावेत. गाणाऱ्याला समोर कुणी उभे आहे हे कळते. आंधळ्याला तर आधी कळते.

महिन्याचा नेम

एकादशीचा नेम, माळेचा नेम, हरिपाठाचा नेम आपण चालवतोच. या महिन्यापुरता त्यांत आणखी एक घालून पाहावा.

1. वाटेत कुणी गात-वाजवीत असेल, तर आठवड्यातून एकदा तरी एक पद पुरे होईपर्यंत उभे राहावे.

2. द्यायचे ते वाकून हातात किंवा फडक्यावर ठेवावे. फेकू नये. आणि गाणे संपल्यावर द्यावे, मध्ये नव्हे.

3. बरोबर लेकरू असेल आणि ते थांबले, तर त्याला ओढू नये. त्याचा कान अजून उघडा आहे.

4. गाव कोणते, हे पद कुणाकडून शिकलात, एवढे एक विचारावे. पुष्कळ जुन्या चाली अशाच गळ्यांत उरल्या आहेत; त्या छापलेल्या गाथ्यात सापडत नाहीत.

5. कीर्तनाला जाताना निघायची वेळ दहा मिनिटे अलीकडे घ्यावी. जागा धरायला नव्हे, वाटेत थांबायला.

हा नेम आम्ही स्वतः धरला आहे, आणि तो सोपा नाही हेही कबूल करतो. पाय थांबतात, पण मन गाडीच्या वेळेपाशी उभे असते. दोनतीनदा तर आम्ही थांबलो ते लोकांनी पाहावे म्हणून थांबलो, असे नंतर ध्यानात आले. होईल हळूहळू.

विणेकरीबुवांना परवा हा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी पुरा ऐकला. मग म्हणाले, "सगळं बरं लिहिलंत, माउली. पण त्यानं अभंग कोणत्या चालीत धरला होता, सांगा बरं?"

आम्हांला सांगता आले नाही. त्यांनी मात्र मांडीवर ठेका धरून ती चाल हलक्या आवाजात म्हणून दाखवली. चार पावले मागे राहिले होते ते त्या रात्री. तेवढ्यात त्यांच्या कानी पडली ती त्यांची झाली.

येत्या कार्तिकीला आम्ही दशमीच्या संध्याकाळी महाद्वारापाशी त्या फळीजवळ जाणार आहो. तो म्हातारा भेटला तर त्याच्यासमोर बसून अभंग पुरा ऐकू, आणि मग नाण्याची क्षमा मागू. नाही भेटला, तर जो कुणी तिथे गात असेल त्याच्यापुढे उभे राहू. मठातली जागा गेली तर जावो. मागे उभे राहूनही कीर्तन ऐकू येते.

रामकृष्ण हरी.